काशीचा पेला

"मला चा नको, आत्या." राहीने पेला परत सारला आणि मनुबाईचा हात तसाच पुढे राहिला.

सासूने आपल्या हाताने सुनेला चहा करून द्यावा, हे लाड पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या घरात होत होते? मुंबईच्या गिरणीतून मनुबाईचा लेक दयाराम चहाची पुडी पाठवायचा आणि त्याच्या बायकोचं, राहीचं, जेवण उरकलं, की मनुबाई गूळ घातलेला कोरा चहा तिच्यापुढे ठेवायची. पेलाही काशीचा. काशी म्हणजे मनुबाईची लेक, पहिल्याच बाळंतपणात गेलेली. तिच्या पेल्यातून सून पिते, याचं मनुबाईला केवढं समाधान होतं.

राहीला सातवा लागला होता. ओठ पांढरे पडले होते आणि विहिरीवरून येताना धाप लागायची. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्त वाढायच्या लाल गोळ्या दिल्या, पण महिना झाला तरी काही गुण नव्हता. काल त्यांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? चहाबरोबर, राहीने ऐटीत सांगितलं. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. गोळीतलं लोह चहा धरून ठेवतो, भाजीतलंसुद्धा. मग अंगाला काय लागणार? चहा जेवणापासून लांब ठेव आणि लिंबू पिळून खा, असं त्यांनी बजावलं.

मनुबाईने हे सगळं राहीकडून ऐकून घेतलं आणि ती भडकली.

"माज्या हातचा चा काय ईख हाय?"

राहीने वाद घातला नाही. तिने एक गोळी वरवंट्याखाली चेचली आणि पूड त्या पेल्यात टाकली. तांबूस चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला.

"प्वाटात बी ह्येच व्हतंय," ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "घराभायेर काडलंत तरी चालंल. पर मी मरनार न्हाय."

मनुबाई पेल्याकडे बघतच राहिली.

"काशीला बी गोळ्या व्हत्या," ती म्हणाली. "मीच देयाची. चाबरोबर."

राहीला तसं काही नसेल, असं म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलवेना.

मनुबाई पेला घेऊन परसात गेली. चहा केळीच्या बुडाशी ओतून ती कितीतरी वेळ राखेने पेला घासत होती. परत आली, तेव्हा पेल्यात पाणी होतं आणि मुठीत लिंबू.

"घे," ती म्हणाली आणि राहीने गोळी गिळेपर्यंत समोरून हलली नाही.