दुसऱ्या रकान्यातले आकडे

गोगलगायीच्या शंखाचं तोंड कॅलिपरच्या मोजचिमट्यात धरलं की पहिल्यांदा ४.३१ मिलिमीटर भरतं. शंख खाली ठेवून पुन्हा उचलला की ४.२९. तिसऱ्यांदा ४.३२. शंख तोच असतो. बोटांचा दाब बदलतो, टेकवण्याची जागा केसभर सरकते. म्हणून उत्क्रांतीच्या अभ्यासात प्रत्येक शंख महिन्याभराने, आधीचा आकडा न बघता, पुन्हा मोजायचा असतो. दोन आकड्यांत फरक किती, त्यावरून मोजणीवर भरवसा ठेवायचा की नाही ते ठरतं.

तिच्या शोधनिबंधात दोनशे बारा शंख होते. दुसऱ्या मोजणीत एकाचाही आकडा बदललेला नव्हता. एकाचाही!

पहिली मोजणी पीएचडी करताना तिने केली होती. दुसरी तिचे मार्गदर्शक, म्हणजे सर, करणार होते. निबंध संशोधनाच्या मासिकात छापून आला तेव्हा तिने तक्ता पाहिला आणि तिला कळलं: सरांनी पहिला रकाना उचलून दुसऱ्यात चिकटवला होता. ओढ्याच्या दोन काठांवरच्या गोगलगायी वेगळ्या जाती होऊ लागल्या आहेत, हा निष्कर्ष गाजला. त्यावर तिला विद्यापीठात आधी तात्पुरती जागा मिळाली, मग तीन वर्षांचा करार. ताटात केस दिसावा, तो बोटाने बाजूला सारून जेवत राहावं, तशी ती चार वर्षं गप्प राहिली. आता गुरुवारी कायमच्या जागेसाठी निवड समिती बसणार होती.

सोमवारी तिची विद्यार्थिनी वही घेऊन आली.

"मॅडम, मी सोडतेय."

"काय सोडतेस?"

"पीएचडी. सहा महिने तुमच्याच पद्धतीने मोजतेय. तुमचा फरक शून्य, माझा दोन-तीन शतांश येतोच येतो. घरी कपबशा फोडणारी म्हणून मी प्रसिद्धच आहे. माझा हातच वाईट आहे, मॅडम."

मुलीच्या अंगठ्याची साल निघाली होती. त्यावर पट्टी होती. वही मात्र सुरेख होती. इतकी प्रामाणिक मोजणी तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. खरं काय ते ओठांपर्यंत आलं.

"पुन्हा एकदा मोजून बघ," ती म्हणाली.

मुलगी मान हलवून गेली. स्वतःचेच ते शब्द मॅडमच्या तोंडात तुपकट थरासारखे बसून राहिले. तिने बेसिनवर जाऊन चूळ भरली.

मग ती सरांकडे गेली. सर कॅलिपरच्या टोकाने नखातला मळ काढत होते.

"तो दुसरा रकाना, सर..."

"कुठला गं? हां, तो! अगं, दुसऱ्यांदा मोजले काय, न मोजले काय, शंख तेच ना?" त्यांनी मळ टेबलाच्या कडेला पुसला. "गुरुवारी समितीत मी आहे. तू फक्त नीट साडी नेस आणि कमी बोल. आणि त्या मुलीला जमत नसेल तर जाऊ दे. दुसरी येईल."

तिला सरांची किळस आली. त्याहून जास्त, याच टेबलाशी आपणही चार वर्षं गप्प बसलो याची.

घरी सासूबाई काजं करत बसल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. तिने सगळं सांगितलं, तसा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एकसुद्धा बदलला नाही? अगं, तुझ्या नवऱ्याचं पोट जेवणाआधी मोजलं तर एक भरतं आणि जेवल्यावर दुसरं!"

तिला हसू आलं नाही.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी चुकीचं माप लिहिलं तर एक झंपर बिघडतो. तुझ्या मापावर ती पोरगी स्वतःला बेतायला बसलीय. अंगात बसत नाही म्हणून स्वतःला कापत चाललीय. आणि तू तिला म्हणतेस, पुन्हा मोज?"

"जागा जाईल, आई. इतकी वर्षं..."

"जाईल. मी खोटा धीर देणार नाही. पण ती पोरगी गेली तर ते तुझ्यामुळे, हे पक्कं समज."

वाचकहो, आपल्यातले फार थोडे असे आकडे चिकटवतात. बाकीचे आपण ते बघतो आणि पान उलटतो. खोटा आकडा मात्र कागदावर निपचित पडून राहत नाही. पुढे येणाऱ्या खऱ्या माणसाला तो खोटं पाडतो. आणि त्यात पान उलटणाऱ्याचाही हात असतो!

गुरुवारी लांबट टेबलापलीकडे पाच जण होते. सर उजवीकडून दुसरे. अध्यक्षबाईंनी अर्ज चाळला.

"गोगलगायींवरचा निबंध तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणायचं का?"

"त्याबद्दल काय सांगायचं!" सर मध्येच म्हणाले. "सगळ्यांना माहीतच आहे."

"सगळ्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "त्यातली दुसरी मोजणी झालेलीच नाही. आकडे नक्कल केलेले आहेत."

"अगं, काय बोलतेस!" सर अर्धवट उठले.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"चार वर्षं. माझ्या विद्यार्थिनीला मी आज सकाळी सांगितलं. तिचे आकडे बरोबर आहेत. चूक आमची आहे. मासिकाच्या संपादकांना मी आजच लिहिणार आहे. तो निबंध मी मागे घेते आहे."