बहात्तर लाल ओळी

बाळंतपणाच्या रजेवरून परतून तिला जेमतेम चार दिवस झाले होते. मुलांच्या दवाखान्यातल्या काउंटरवर बसून तिने कॉम्प्युटरवरच्या लसींच्या शीटला एक नियम लावला: लस टोचल्याची तारीख कुपीच्या मुदतीच्या पुढची असेल, तर ती ओळ लाल व्हावी. आपली साधी खबरदारी. एंटर दाबलं आणि स्क्रीनभर लाल सांडलं.

बहात्तर ओळी, म्हणजे बहात्तर मुलं. त्यातली एक तिची स्वतःची लेक, गेल्याच आठवड्यात मांडीवर लस घेऊन दवाखाना डोक्यावर घेतलेली.

"सिस्टर, मुदत संपलेल्या लसी दिल्यात आपण!"

"काहीतरीच काय!" सिस्टरांच्या हातातला कापूस हातातच राहिला. "कुपीवरची तारीख वाचल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. आज वीस वर्षं झाली."

डॉक्टर बाहेर आले. स्क्रीन बघून त्यांनी खुर्ची ओढली. "फोन लावा एकेका घरी. लपवायचं काही नाही."

"पाच मिनिटं द्या ना, सर," ती म्हणाली.

सिस्टरांनी आपली वही काढली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे कुपीचं लेबल चिकटवलेलं. तिने आधी लेकीचं पान काढलं. मुदत पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरची. शीटमध्येही तीच. मग लाल कशाला?

तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं, झोपलेल्या बाळाचा श्वास बघावा तसं. बाकीच्या तारखा चौकोनाच्या उजव्या कडेला टेकलेल्या. लाल ओळींमध्ये लस दिल्याच्या तारखा तेवढ्या डावीकडे चिकटून बसलेल्या. आणि सगळ्या तिच्या रजेतल्या.

"माझ्या मागे या तारखा कोणी भरल्या?"

"मीच. दुसरं आहे कोण इथे?"

"कशा भरल्यात?"

"वहीत लिहिते तशाच. मध्ये ठिपके देऊन."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो, ठिपके दिले की याला ती तारीख वाटतच नाही, नुसता मजकूर वाटतो. आणि मजकूर याच्या लेखी कुठल्याही तारखेपेक्षा मोठा!"

"भलतंच शहाणं आहे गं तुझं हे यंत्र," सिस्टर म्हणाल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या.

तिने ठिपके काढून तिथे तिरक्या रेघा घातल्या. तारखा निमूट उजवीकडे सरकल्या आणि लाल रंग पुसला गेला, सगळ्या बहात्तर ओळींचा. डॉक्टरांनी तरीही एकूण एक लेबल ताडून बघायला लावलं. चहा गार झाला, पण एकही चूक निघाली नाही.

मग तिने घरी फोन लावला. "आई, काय करतेय ती?"

"पाय नाचवतेय. का गं, आवाज असा का तुझा?"

"काही नाही. फोन जरा तिच्या तोंडाशी धर."

पलीकडून हुंकार ऐकू येत होते. समोर सिस्टर वहीत आजची तारीख घालत होत्या, ठसठशीत ठिपके देऊन.

"बघतेस काय? हिला चालतात," त्या वहीवर टिचकी मारत म्हणाल्या.