हात लावू नये म्हणून

जिवल्याने माझ्या पालघरच्या दुकानातून भाताच्या किडीवरचं एंड्रिन नेलं, घरच्या तेलाच्या बाटलीत. जहाल विष. नव्या नियमाप्रमाणे मी बाटलीवर कवटीचा कागद डकवला आणि त्याला म्हटलं, "हे बघून कोणी हात लावणार नाही." नियम पाळला, सुटलो.

सुटलो कसला. चार दिवस दुकानात लक्ष लागेना. शेवटी सायकल काढली आणि बोयसरच्या अलीकडचा त्याचा पाडा गाठला. जिवल्या शेतावर गेला होता. दारात त्याची बायको ठमी उभी होती आणि आत भाताच्या कणगीवर माझा कवटीचा कागद.

"हा इथे कुणी लावला?" मी डाफरलो.

"आमीच. तुमीच सांगलं ना शेट, हे बघून कोन हात नाय लावत. वर्साचा दाना हाय त्यात."

"आणि बाटली?"

"औषद संपलं. बाटली शेजारची चिमी घेऊन गेली, बाजारातून गोडं तेल आनाया."

मी तसाच बोयसरकडे सायकल हाणली. बाजाराचा दिवस होता. वाटेवर जी ती बाई हातात बाटली घेऊन चालली होती, आणि चिमीला मी कधी पाहिलं नव्हतं.