फुलीखालचं नाव

“मी एकटी जाणार,” म्हणत हेझलने सोबत आलेल्या ब्रेंडाचा हात झटकला.

टेबलामागच्या बाईंनी तिचं फोटोचं ओळखपत्र पाहिलं, यादीत नाव शोधलं आणि मतपत्रिका तिच्या हातात दिली. भरलेली बशी न्यावी तशी ती दोन्ही हातांनी धरून हेझल लाकडी आडोशाकडे निघाली. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. चर्चच्या मागचा हा हॉल. एरवी इथे लहान मुलं खेळायची, त्यांच्या तीनचाकी सायकली आज भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

डेरेक कटफर्थ दारातच थांबला. तो स्वतः कौन्सिलच्या या निवडणुकीत उमेदवार होता, आत जायला त्याला कोणी हरकत घेतली नसती. पण मुलीच्या मागे जाऊन उभं राहिलं तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याने उंबरा ओलांडला नाही. लोक काय म्हणतील हे फ्लीटहोममध्ये माणसाला बाळकडूतच मिळतं. छातीवर उमेदवाराची खूण म्हणून ब्रेंडाने शिवलेलं पांढऱ्या फितीचं फूल होतं. ते सारखं एका बाजूला झुकत होतं, आणि डेरेक ते सारखं सरळ करत होता.

दाराबाहेर घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल घेऊन, मार्गारेट स्टॅनिफोर्थ बसली होती. डेरेकच्या विरोधात उभा असलेला ऑब्री स्टॅनिफोर्थ हा तिचा नवरा. आपली कोण माणसं अजून यायचीत ते कळावं म्हणून मत देऊन येणाऱ्याला ती यादीतला क्रमांक विचारून टिपून ठेवत होती.

“जमेल ना रे तिला, डेरेक? नाही, मी आपलं विचारते हं.”

“फुली मारायचीय, मार्गारेट. विमान नाही चालवायचं.”

“तसं नाही रे. गोड आहे हो पोर.” तिने पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून पुढे केली. डेरेकने ती घेतली. गोळी नाकारणं बरं दिसलं नसतं.

आत वेळ लागत होता. मागे रांग झाली. बटाट्याच्या गोदामातून सुटून आलेला एकजण ओरडला, “काय कादंबरी लिहितायत का आत?” मग त्याला दारातला डेरेक दिसला. “सॉरी हं, डेरेक. मला काय माहीत तुझी मुलगी आहे.”

“असू दे.”

हेझल बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. श्रम पडले की तिचे कान लाल व्हायचे.

“झालं?”

“झालं. सगळं लिहिलं, डॅड. चांगल्या अक्षरात.”

“शाब्बास,” डेरेक म्हणाला. सगळं म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. मताचं विचारायचं नसतं. जीनने चाळीस वर्षांच्या संसारात कोणाला मतं दिली हे त्याला ती जाईपर्यंत कळलं नव्हतं, आणि ती गेल्यावर कोणाला विचारणार?

डेरेक काही राजकारणातला माणूस नव्हे. त्याची हयात कौन्सिलची कचरागाडी चालवण्यात गेली. निवृत्त झाला तेव्हा कौन्सिलने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि ते पहिल्याच हिवाळ्यात बंद पडलं. पण घरोघर फिरताना त्याला कोणी दारातून हाकललं नाही. “अरे, हा तर आपला कचरागाडीवाला डेरेक! ये ये,” म्हणून लोक आत घ्यायचे, चहा पाजायचे, खड्ड्यांबद्दल आणि कुत्र्यांच्या घाणीबद्दल बोलायचे, आणि मत द्यायचं की नाही ते पोटात ठेवायचे.

तो उभा राहिला तो एकाच गोष्टीसाठी. कालव्याकाठी एक बैठी इमारत होती, ‘विलोज’ नावाची. हेझलसारखी, एकटं राहणं न जमणारी तीसेक मोठी माणसं तिथे दिवसभर असायची. केक भाजायची, रोपं लावायची, भांडायची, एकमेकांच्या प्रेमात पडायची. इमारत कौन्सिलच्या मालकीची होती, आणि कौन्सिलला ती विकायची होती. सभासदांत विकणारे आणि न विकणारे बरोबर निम्मे निम्मे. ऑब्री विकणाऱ्यांतला. विक्रीचा ठराव जूनच्या सभेत यायचा होता, आणि फ्लीटहोमची जागा ज्याच्याकडे जाईल त्याच्या हातात विलोजचा गळा, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. दुसरं केंद्र होतं, पण शहरात, बसने तासाभरावर. आणि हेझलला बसमध्ये बसवलं की ती किंचाळायची. विलोज गेलं की ती घरात, टीव्हीसमोर. डेरेकला मागल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता. आपण गेल्यावर टीव्ही बंद कोण करणार, हा प्रश्न त्याला झोपू द्यायचा नाही.

विलोज चालवणारी ब्रेंडा म्हणाली होती, “पत्रकावर हेझलचा फोटो टाक. मतं पडतील.”

“पोरीला दुकानात मांडू?” डेरेक म्हणाला होता. फोटो टाकला नाही, नावही टाकलं नाही.

शुक्रवारी सकाळी तालुक्याच्या गावी, व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मतमोजणी झाली. बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडली होती. बँकेतून आणि शाळेतून बोलावलेल्या बाया रबराच्या टोप्या बोटांना घालून पत्रिका मोजत होत्या. डेरेक आणि ब्रेंडा पलीकडे उभे राहून गठ्ठ्यांकडे बघत होते.  गेली वीस वर्षं ब्रेंडाचं आयुष्य विलोजमध्येच गेलं होतं. दोन्ही गठ्ठे सारखेच दिसत होते. एकदा हा जाड वाटायचा, एकदा तो.

“छाती कशी आहे?” ब्रेंडाने विचारलं.

“आहे जागेवर.”

ऑब्री स्टॅनिफोर्थ दोन्ही हात मागे बांधून आला. घरं विकण्याचा त्याचा धंदा होता, आणि समोरच्या माणसाला तो नेहमी खोली दाखवत असल्यासारखा बोलायचा. “घासून चाललंय, डेरेक. काही झालं तरी छान लढलास हं.”

“अजून मेलो नाही मी, ऑब्री.”

तेवढ्यात निवडणूक अधिकारी बाईंनी दोघांना टेबलाशी बोलावलं. मिस लॅम्ब त्यांचं नाव. बारीक चणीच्या, चष्मा साखळीला लावलेल्या. शंका असलेल्या पत्रिका त्या उमेदवारांना एकेक दाखवून निकालात काढत होत्या. एकीवर ‘सगळे चोर’ असं लिहिलं होतं. ती बाद. एकीवर कोणीतरी ऑब्रीच्या चौकटीत पुरुषाचं नको ते चित्र काढलं होतं, मोठ्या मेहनतीने आणि नेमकं चौकटीच्या आत.

“चौकटीबाहेर गेलेलं नाही,” मिस लॅम्ब गंभीरपणे म्हणाल्या. “मतदाराचा इरादा स्पष्ट आहे. मिस्टर स्टॅनिफोर्थ, हे मत आपल्याला.”

“आभारी आहे,” ऑब्री म्हणाला. ब्रेंडाने हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं.

मग तिसरी पत्रिका आली. डेरेकच्या नावापुढे फुली होती, जाड, पेन्सिल दाबून मारलेली. आणि तिच्या खाली, कागदाची सगळी रुंदी व्यापून, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: हेझल. नावाखाली एक रेघ ओढली होती.

“फुलीबद्दल वाद नाही,” मिस लॅम्ब म्हणाल्या. “मतदाराची ओळख पटेल असं काही कागदावर असेल तर मत बाद होतं. पण हे नुसतं पहिलं नाव आहे. कोणाचं, कोण जाणे. मतदाराचंच असेल असंही नाही. यावरून कोणी ओळखू येतं असं मला वाटत नाही. मी हे धरते. मिस्टर स्टॅनिफोर्थ?”

ऑब्रीने कागदाकडे पाहिलं. नाताळात तो विलोजला आला होता, वर्तमानपत्रासाठी हेझलशी हात मिळवून त्याने फोटो काढून घेतला होता. नाव मात्र विचारलं नव्हतं. “माझी काही हरकत नाही,” तो म्हणाला.

डेरेकला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला फक्त ते नाव दिसत होतं. पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही कधी लिहिणार नाही. जीनने हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन हेझलच्या हातात पेन्सिल दिली. ती पेन्सिल चावली गेली, फेकली गेली, मोडली गेली. जीन गेली तोवर एक अक्षर उमटलं नव्हतं. पुढे विलोजमध्ये ब्रेंडाने हट्ट धरला, आणि आता ते नाव कौन्सिलच्या टेबलावर, चार सुटाबुटातल्या माणसांसमोर पडलं होतं.

“अहो, ही आमची हेझल!” डेरेक म्हणाला. त्याचा आवाज हॉलभर गेला. “माझी मुलगी! ती खालची रेघ बघा, ती तिचीच. कोणी हात धरलेला नाही हो, एकटी गेली होती आत. एकटीने लिहिलंय!”

शेजारच्या टेबलावरची मोजणी थांबली. ब्रेंडाने डोळे मिटून घेतले.

मिस लॅम्बनी चष्मा काढला. “मिस्टर कटफर्थ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आपण हे बोलायला नको होतं.”

डेरेकच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते उतरायला जरा वेळ लागला.

“मी... म्हणजे, दुसरी कोणी हेझलही असू शकेल,” तो म्हणाला.

“आता नाही. मला वाईट वाटतं.”

ऑब्री खाली बुटांकडे बघत होता. त्यालाही वाईट वाटत असावं, तसा तो दुष्ट माणूस नव्हता.  मिस लॅम्बनी हेझलच्या नावावर ‘बाद’ असा शिक्का मारला.

बेरीज झाली तेव्हा दोघांना सारखी मतं होती. पुन्हा मोजली, पुन्हा सारखीच. तिसऱ्यांदा मोजायला डेरेकने नको म्हटलं. त्या बाया सकाळपासून उभ्या होत्या, आणि एकच मत कमी पडतंय आणि ते कोणाचं, हे त्याला माहीत होतं.

अशा वेळी चिठ्ठी काढतात. मिस लॅम्बनी दोन सारखे कागद कापले, दोघांची नावं लिहून घड्या घातल्या. व्यायामशाळेच्या रखवालदाराने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात कागद टाकले, डबा हलवला. मिस लॅम्बनी मान वळवून हात आत घातला.

“स्टॅनिफोर्थ,” त्यांनी वाचलं.

हरलेल्याने माइकवर जाऊन मोजणाऱ्यांचे आभार मानायचे असतात. डेरेक गेला. फूल पुन्हा झुकलं होतं, या वेळी त्याने ते सरळ केलं नाही. “मोजणाऱ्या सगळ्यांचे आभार,” तो म्हणाला. “दारावरच्या पोलिसांचेही. सगळं नियमाप्रमाणे झालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

गाडीत बसल्यावर ब्रेंडाचा बांध फुटला.

“हात दाखवून अवलक्षण, डेरेक! बाईंनी मत धरलं होतं. धरलं होतं रे! एक मिनिट तोंड मिटून बसला असतास तर काय बिघडलं असतं?”

“मला कळलंच नाही, ब्रेंडा. नाव दिसलं आणि...”

“तीस माणसं आहेत माझी तिथे. त्यांना काय सांगू मी?”

 गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काळी सपाट शेतं होती, मध्ये झाड नाही की घर नाही. ब्रेंडाने बाहीला नाक पुसलं.

“मीच शिकवलं तिला,” ती म्हणाली. “कागद हातात आला की आधी नाव घालायचं. चित्र असो, केकवरची चिठ्ठी असो. नाव घातलंस की ते तुझं, असं सांगायची मी. मतपत्रिकेवर घालायचं नाही हे सांगायचं राहिलं. कोणाच्या डोक्यात येणार ते?”

“तुझी चूक नाही.”

“मग कोणाची?”

डेरेकने छातीवरचं फूल काढून खिशात घातलं.

विलोजमध्ये केक भाजल्याचा वास येत होता. जिंकल्यावर कापायचा म्हणून सकाळीच भाजलेला. सगळे जेवणघरात टेबलाभोवती बसले होते. ब्रेंडा आत त्यांच्याकडे गेली आणि दार लावून घेतलं. हेझल मात्र बाहेर, कोटांच्या खुंट्यांपाशी बाकावर वाट बघत होती. प्रत्येक खुंटीवर ज्याचं त्याने लिहिलेलं नाव चिकटवलेलं होतं. तिचं खिडकीशेजारी.

“जिंकलो?”

“नाही गं, सोन्या.”

तिने यावर विचार केला. “पण माझं मत पाहिलं त्यांनी?”

“पाहिलं तर! सगळ्यांनी पाहिलं. टेबलावर वेगळं काढून ठेवलं होतं.”

“वेगळं?” हेझलचे कान लाल झाले. “बाकीच्यांनी नाव नव्हतं घातलं?”

“एकानेही नाही.”

“आळशी!” ती म्हणाली. मग उठून तिने खुंटीवरचा कोट काढला, एक हात बाहीत घातला, आणि दुसरा घालता घालता थांबली.

“डॅड, ते मीच लिहिलंय म्हणून तू सांगितलंस ना त्यांना?”

डेरेकने कोटाची दुसरी बाही तिच्यासाठी धरली. आत जेवणघरात कोणीतरी मोठ्याने रडायला लागलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “मीच सांगितलं.”