जालन्याचे पाहुणे घर बघायला आले

मुळशीतल्या नेऱ्यात गोजराबाईची चार मजली इमारत उभी राहिली, तेव्हापासून मराठवाड्याकडचा माणूस म्हणजे खोली मागायला आलेला माणूस, एवढंच तिला ठाऊक. आणि नातू ओमचं मन बसलं ते नेमकं तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या गौतमीवर. जालन्याकडची, कंपनीत कामाला. पोरगं हटेना, तेव्हा गोजराबाई म्हणाली, "आण घरात. दुष्काळातली लेक, हितं पोटभर जेवंल तरी."

आज मुलीचे वडील दादासाहेब घर बघायला आले. जाताना त्यांच्या गाडीत टाकायला गोजराबाईनं इंद्रायणी तांदळाचं पोतं दारात काढून ठेवलं होतं. पाहुण्यांनी चहा घेतला, पण जिन्याकडं वळलेच नाहीत. थेट मागच्या दोन एकरांत गेले. कमरेएवढं गवत.

"आज्जी, पाऊस किती पडतो इथं?"

"लई. नको म्हणंस्तवर."

"मग रान पडीक कसं?"

"बिल्डरसाठी ठिवलंय. चिखलात हात घालायची पाळी न्हाई आता आमच्यावर. दारातला तांदूळबी इकतचा हाय." सांगताना तिची मान ताठ होती. "तुमच्याकडं काय पिकतंय, कुसळं?"

"दोन एकर तुती आहे. रेशमाच्या अळ्या पाळतो."

"आमी अळ्या दिसल्या की चिरडतो."

दादासाहेब हसले. "शेततळ्यातलं पाणी ठिबकनं देतो. वर्षातून पाच येळा कोष निघतेत. थोरला पुण्याची नोकरी सोडून परत आला, आता गावातल्या दहा घरांना शिकवतोय."

गडी फुशारक्या मारतोय, असं गोजराबाईला वाटलं. तिनं ओमकडं पाहिलं.

"खरं हाय, आज्जी. मी दिवाळीत जाऊन बघून आलोय."

हा जालन्याला गेला होता, आणि घरात पत्ता नाही.

"तुम्ही काय करता?" दादासाहेबांनी ओमला विचारलं.

"खोल्यांचं बघतो."

"आणि मग दिवसभर?"

ओम गवताची काडी मोडत राहिला.

"हे बघा आज्जी, पोरगा चांगला आहे. पण बसून खाणाऱ्या घरात मी लेक देणार नाही. आधी दोन वर्षं आमच्याकडं येऊ द्या. काम शिकू द्या. मग लग्न."

"मुळशीचा पोरगा... तिकडं? कामाला?" गोजराबाईनं कसंबसं म्हटलं. "आरं, लोकं हिकडं येत्यात. हितनं तिकडं कोण जातंय?"

"मी जातो," ओम म्हणाला.

"राहायची काळजी करू नका," दादासाहेब म्हणाले. "शेडाशेजारी खोली आहे. भाडं घेणार नाही."

गोजराबाई तिथंच, गवतात, मटकन बसली.