कापसाच्या दोऱ्यांची गाठ

कॉलेजात संशोधनाचे विषय वाटून झाले आणि प्रतिभाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. मॅडमनी कापसाचा तंतू दिला अतिकाला. प्रतिभाच्या वाट्याला आली केळीच्या पानावरची पर्णरंध्रं! आता बोला. कळसाडीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरातली पोर ही, आणि कापूस जातो शहाद्याच्या हबीब पिंजाऱ्याच्या लेकीकडे. कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, हे वर्गात ऐकलं तेव्हाच प्रतिभानं तो विषय मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकला होता.

त्यात अतिकाला शेत हवं होतं, तर बाबांनीच, म्हणजे भूपेंद्रभाईंनी, आपलं देऊन टाकलं. अतिका रोज सकाळी यायची. कापसाचं फूल आज पांढरं तर उद्या गुलाबी, त्यामुळे ताजं फूल चटकन कळतं. त्याच्या देठाला ती त्या दिवसाच्या रंगाचा दोरा बांधायची. पुढे दोऱ्यावरून बोंडाचं वय कळणार, आणि बोंड फोडून आतल्या पेशीची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची.

"एक फूल सोडत नई पोर," बाबा जेवताना म्हणाले. "तू कधी इतलं ध्यान देस का?"

प्रतिभाच्या हातातला घास हातातच राहिला. तिच्यासाठी बाबा असं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच वावरात गेली आणि जुन्या बोंडांचे दोरे सोडून शेजारच्या कोवळ्या बोंडांना बांधले, कोवळ्यांचे जुन्यांना. बरं वाटत होतं, हे खरं.

पुढे मोजणीचा पार बोजवारा उडाला. जुन्या म्हणवणाऱ्या बोंडात पेशी आखूड, कोवळ्यात लांब. मॅडमनी सगळ्यांसमोर अतिकाला फैलावर घेतलं. अतिका खाली मान घालून म्हणाली, "माझीच चूक झाली, मॅडम. दोरे बांधताना घोटाळा झाला असेल."

"प्रतिभा, तू शेतकऱ्याच्या घरची आहेस. हा विषय आता तू घे," मॅडम म्हणाल्या.

प्रतिभाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बाहेर व्हरांड्यात अतिकानं तिला थांबवलं आणि मूठ उघडली. मुठीत देठांसकट कापून आणलेले दोरे.

"मी सैल फासा मारस. मन्ही माय रजईले मारस तसा. बोंड वाढनं तरी देठले काच बसत नई." तिनं एक दोरा पुढे केला. "हाई घट्ट दुहेरी गाठ तुन्हा घरनी शे. तुम्ही वासरूले बांधतस तशी."

प्रतिभानं विचारलं, "मंग मॅडमले कसाले सांगं नई?"

"सांगं असतं तर तुन्हा बाबाले समजनं असतं ना. मंग त्यासले काय वाटनं असतं?"

एवढं बोलून अतिका दोरे तिच्या हातात ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा वावरात ताज्या फुलापाशी बसली. सैल फासा काही जमेना. बांधावरून बाबांनी विचारलं, "अतिका नई उनी का आज?"

"नई. आते मन्हा विषय शे."

"बरं," म्हणून बाबा पुढे गेले. ज्या विषयासाठी जीव जळत होता तो मिळाला होता. पण बाबांना काय वाटेल हे आपल्याआधी अतिकाला सुचलं, याचाच आता तिला जास्त हेवा वाटत होता.