मानेवरचं तेल

मला आमच्या सुनेनं नापास केलं. हे मी भेटेल त्याला स्वतःच सांगते, कारण दुसऱ्यानं सांगितलं की त्याला तिखटमीठ लागतं.

सत्तावीस वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं जोडली. इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, बसवणं हे माझं काम, म्हणून सगळे मला हेडबाई म्हणायचे. माझ्या हातचं एकही इंजिन कधी परत आलं नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे, खरं आहे ते. मग एक दिवस वरून फर्मान आलं: पेट्रोलची इंजिनं बंद, यापुढे बॅटरीच्या गाड्या. आम्हा चाळीस जुन्या माणसांना सहा आठवडे शिकवणार आणि मग परीक्षा घेणार. पास झाला तो बॅटरी खात्यात. दोनदा नापास झाला तो गोदामात, खोकी रचत निवृत्तीची वाट बघायला. हातात पाना नसेल तर मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आणि शिकवायला कोण, तर आमची सून! चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे मान्य. पण ते असे भर कारखान्यात, फळ्यासमोर यावेत? पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "सतरा नंबर, अंगठी काढून ठेवा." घरी मी आई, इथे सतरा नंबर. माझ्या शेजारी वीस वर्षं उभा राहिलेला एक जाडजूड गडी आहे, त्याला आम्ही पिस्टन म्हणतो. तो खो खो हसला.

"दात काय काढतोस? तुझी निघतेय का बघ आधी," मी म्हटलं. नाहीच निघाली. साबण लावावा लागला मेल्याला.

पण पोरगी शिकवते छान, हे कबूल केलंच पाहिजे. "गाडीचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद असं समजू नका," ती सांगायची. "आवाज नाही म्हणजे आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही." मी वही भरून लिहून घेतलं. घरी जेवतानाही माझे प्रश्न आणि तिची उत्तरं. आमचे हे आणि मुलगा आपलं भाजीचं भांडं कुणी पुढे सरकवतंय का, याची वाट बघत बसायचे.

परीक्षेला मुख्य कचेरीतून चष्मेवाले साहेब आले होते. काम असं: सरावाच्या बॅटरीवर तांब्याच्या पट्ट्या चोवीस बोल्टांनी बसवायच्या. बोल्ट आवळायला बंदुकीसारखं यंत्र, नेमकं घट्ट झालं की हिरवा दिवा लागतो. वेळ चाळीस मिनिटं. माझं एकतिसाव्या मिनिटाला झालं. चोवीसच्या चोवीस हिरवे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सून गंभीर चेहरा करायला गेली, पण तिला काही जमलं नाही.

मी मानेवरचा घाम पुसायला हात मागे नेला आणि तो तिथेच राहिला.

त्याचं असं आहे, की इंजिनाच्या बोल्टाला आवळण्याआधी तेलाचं बोट लागतं. तेलाचा डबा पायाशी असतो, पण दर वेळी वाकायचं कोण? म्हणून आमच्या खात्यातले जुने लोक बोल्ट मानेवरून, केसांच्या मुळाशी, एकदा फिरवायचे आणि लावायचे. पहिल्याच महिन्यात मला हे उस्तादांनी शिकवलं होतं. सत्तावीस वर्षांत हाताला ते इतकं बसलं की डोक्याला पत्ताही लागत नाही. आणि केसांना मी सकाळीच तेल चोपडलं होतं. बॅटरीचा बोल्ट मात्र कोरडाच हवा. तेलकट बोल्ट सहज फिरतो, त्यानं यंत्र फसतं, ते हिरवा दिवा दाखवतं आणि बोल्ट आतून ताणलेला राहतो. पट्टीवर तेल उतरलं तर जोड तापतो. हे सगळं माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं.

किती बोल्ट मानेला लावले, आठवेना. कुणी पाहिलंही नव्हतं. साहेब सहीसाठी पेन उघडत होते. मनात आलं, गप्प बस गं बाई, ही सरावाची बॅटरी आहे, हिच्यात कोण बसणार आहे? पण उद्या खऱ्या गाडीवरही हात हाच असणार होता.

"अगं, थांब," मी म्हटलं. मग म्हटलं, "मॅडम, थांबा. माझे बोल्ट काढून बघा."

"अहो, सगळे दिवे हिरवे आहेत," साहेब म्हणाले.

मी मानेचं सांगितलं. सुनेनं एकेक बोल्ट काढला, पांढऱ्या फडक्यानं पुसला. सात वेळा फडकं पिवळं झालं.

"बाईंनी स्वतःहून सांगितलं ना? मग लिहा पास," साहेब म्हणाले. माणूस दिलदार होता.

"सांगितलं याचा मला मान आहे, सर. पण बोल्ट तेलकटच आहेत." तिनं लाल पेनानं नापास लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सतरा नंबर, ही सवय आणखी कुणाला आहे?"

मी पिस्टनकडे बघितलं. तो छताकडे बघायला लागला.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

आधी पास झालेल्या अकरा जणांच्या बॅटऱ्या रॅकवर होत्या. त्या उघडल्या. चार जणांचे बोल्ट तेलकट निघाले, त्यात पिस्टन पहिला. "हात दाखवून अवलक्षण! स्वतः बुडालीस ती बुडालीस, आम्हालाही ओढलंस," असं म्हणून त्यानं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"नापास."

हे सुनेकडे बघायला लागले. ती खाली मान घालून उभी.

"तिच्याकडे काय बघता डोळे वटारून? तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. अशी सून मिळायला नशीब लागतं!"

तेव्हा कुठे ती रडली. "आई, मला वाटलं तुम्ही आता माझ्याशी बोलणारच नाही."

"न बोलून कसं चालेल? पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा आहे. प्रश्न काय ह्यांना विचारू?"

त्या परीक्षेला तिनं स्वतः माझ्या मानेभोवती फडकं गुंडाळून घट्ट चिकटपट्टी लावली. माझा हात तीनदा मागे गेला आणि तीनदा पट्टीवर आपटून परत आला. चोवीस बोल्ट, सगळे कोरडे. पास झाले. पिस्टनही झाला, आणि फडकं उसनं मागायला आला तेव्हा अबोलाही सुटला.

आता आमच्या खात्यात भिंतीवर नियमांची पाटी आहे. त्यात एकोणिसावा नियम सुनेनं घातला: बोल्ट केसांना किंवा मानेला लावू नये. परवा दुसऱ्या कारखान्यातले पाहुणे काम बघायला आले होते. त्यातला एक तरुण इंजिनिअर पाटी वाचून हसत सुटला. "बोल्ट मानेला? असं कोण करतं?"

मी यंत्र खाली ठेवलं.

"मी," म्हटलं. "हा नियम माझ्यामुळे आलाय. तुमच्याकडे जुनी इंजिनवाली माणसं किती आहेत?"

"साठेक असतील."

"मग परत गेल्यावर त्यांच्या माना बघा आधी."

त्याचं हसू थांबलं. त्यानं खिशातून वही काढली आणि एकोणिसावा नियम लिहून घ्यायला लागला.